सुरक्षित सायकल-प्रवास आपल्या परिसरात कसा रुजवावा: एका वाटेपासून सुरुवात

रोजच्या कामाला, शाळेला किंवा बाजाराला सायकलने जाणाऱ्यांची संख्या आपल्या परिसरात वाढावी असे ज्यांना मनापासून वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी आणि माझ्या काही शेजाऱ्यांनी हे काम हाती घेतले तेव्हा सर्वांत आधी आम्ही जनजागृती फेरी काढली. फेरी उत्साहात पार पडली, फलक झळकले, छायाचित्रे निघाली आणि पुढच्या सोमवारी फेरीत आलेली जवळजवळ सगळी मंडळी पुन्हा आपापल्या गाड्यांनी कामावर गेली. मग आम्ही एकेकाला भेटून कारण विचारले, तेव्हा लक्षात आले की सायकल प्रकृतीला चांगली आणि हवेलाही चांगली, हे प्रत्येकाला आधीपासूनच ठाऊक होते. अडत होते ते एखाद्या ठरावीक चौकात, एखाद्या अंधाऱ्या पुलाखाली किंवा जिथे मालट्रक वळतात अशा एखाद्या कोपऱ्यावर. तेव्हापासून आमची कामाची पद्धत बदलली. आधी लोकांना सायकलकडे बोलवायचे आणि रस्त्याचे पुढे पाहून घेऊ म्हणायचे, हा क्रम आम्ही सोडून दिला. एक वाट घ्यायची, ती खरोखर सुरक्षित करत न्यायची आणि त्याच वाटेवर माणसांना सोबत घेऊन निघायचे, असे आम्ही ठरवले. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

सुरुवातीला जवळ काय असावे

परिसराचा छापील नकाशा, एक वही, मोजपट्टी, छायाचित्रे काढता येतील असा फोन, हवा भरण्याचा पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि नट-बोल्ट घट्ट करायचे पाने एवढ्या साहित्यावर पहिले काही महिने निघतात. माणसे मात्र किमान तीन असावीत, कारण एकट्याने सुरू केलेले काम त्याच्या पहिल्या आजारपणात किंवा परगावच्या मुक्कामात थांबते.

१. एकच वाट निवडा

संपूर्ण परिसराचा आराखडा करण्याचा मोह सुरुवातीला टाळा. पुष्कळ घरे एका टोकाला आणि शाळा, कार्यालये, रेल्वे स्थानक किंवा बाजार दुसऱ्या टोकाला आहे, अशी तीन ते पाच किलोमीटरची एक वाट निवडा. सावकाश, ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने चालवणाऱ्यालाही पाच किलोमीटरला २० ते २५ मिनिटे पुरतात आणि एवढा वेळ बहुतेकांच्या दिनक्रमात बसतो.

वाट निवडण्याआधी लोकांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा. ‘तुम्ही सायकल चालवाल का?’ या प्रश्नाला सगळे भिडेपोटी होकार देतात आणि त्या होकारातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘उद्या सायकलने जायचे ठरवले तर कोणत्या जागेची भीती वाटेल?’ असे विचारा आणि मिळालेले प्रत्येक उत्तर नकाशावर ठिपक्याने नोंदवा. जे आज सायकल चालवत नाहीत त्यांची उत्तरे या कामात जास्त मोलाची असतात, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६च्या सुमारास आपल्या शहरातील लोकांची एक ढोबळ विभागणी मांडली होती: कोणत्याही रस्त्यावर बेधडक निघणारे एक टक्क्याहून कमी, थोडीफार सोय मिळाली की आत्मविश्वासाने चालवणारे सुमारे ७ टक्के, काही केल्या सायकल न चालवणारे सुमारे ३३ टक्के आणि ‘आवडेल, पण भीती वाटते’ असे म्हणणारे सुमारे ६० टक्के. हे आकडे त्यांच्या अनुभवावर बेतलेला अंदाज होता आणि प्रत्येक ठिकाणी ते तसेच असतील असे नाही. तरीही आपले काम मुख्यतः या चौथ्या गटासाठी आहे, ही दृष्टी मला त्यांच्या मांडणीतून मिळाली.

इथे एक चूक हमखास होते. सराईत सायकलस्वार वाट निवडायला बसले की ते सर्वांत जवळची, वेगवान वाहतुकीची वाट निवडतात, कारण त्यांना तिची सवय झालेली असते. नवख्या माणसाला आतल्या, कमी रहदारीच्या रस्त्यांची वाट अर्धा किलोमीटर लांब पडली तरी चालते. भीतीची जागा मात्र एकही चालत नाही, कारण नऊ-दशांश वाट कितीही चांगली असली तरी उरलेल्या एका चौकाच्या धास्तीने तो सायकल बाहेर काढत नाही.

२. ती वाट वेगवेगळ्या वेळी चालवून पाहा आणि नोंदी करा

सुट्टीच्या सकाळी केलेली पाहणी दिशाभूल करते. लोक ज्या वेळी कामावर जातात त्याच वेळी जा, परतीच्या दिशेनेही या, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा पावसात किंवा पाऊस थांबल्याबरोबर जाऊन पाहा. दिवसा निरुपद्रवी वाटणारा खड्डा पाण्याने भरला की दिसत नाही, आणि दिव्याचा खांब झाडाच्या फांद्यांआड गेल्याने पडलेली काळोखी जागा दुपारी कुणालाच जाणवत नाही.

नोंदी करताना ‘हा रस्ता धोकादायक आहे’ असे कधीही लिहू नका, कारण त्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘शाळेच्या फाटकासमोरच्या वळणावर कोपऱ्यापर्यंत गाड्या उभ्या असल्याने आडव्या रस्त्यावरून येणारे वाहन दिसत नाही’ असे लिहा, जागा नकाशावर दाखवा, छायाचित्र काढा आणि वेळ लिहा. रस्त्याची रुंदी मोजा, गटारावरच्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर आहेत की आडव्या ते पाहा, कारण समांतर फटीत सायकलचे पुढचे चाक अडकले की माणूस थेट तोंडावर आपटतो. रेल्वेचे किंवा ट्रामचे रूळ वाट तिरकी ओलांडत असतील तर तेही नोंदवा. त्या जागी सायकल रुळांना शक्य तितक्या काटकोनात नेण्याइतकी जागा आहे का, हा पाहण्याचा मुद्दा.

सर्वांत बारकाईने पाहायचा तो वाहनांचा वेग. यामागचे साधे गणित प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावे, असे मला वाटते. समोर काही आडवे आल्याचे चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात सुमारे ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागून आणखी सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरीचा ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नसते आणि ती त्या जागेवरून पूर्ण ५०च्या वेगाने जाते. रस्ता सुरक्षेवरील जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेने फेब्रुवारी २०२०मध्ये स्वीकारलेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने वरचेवर एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा, असे म्हटले आहे. त्याचे कारण या गणितातच आहे.

३. सायकली तपासून घ्या

वर्षानुवर्षे जिन्याखाली पडून असलेली सायकल झटकून लोक रस्त्यावर येतात आणि पहिल्याच उतारावर ब्रेक लागत नाही. म्हणून वाटेवर निघण्याआधी एका सकाळी सर्वांच्या सायकली तपासण्याचा कार्यक्रम ठेवा. टायरमध्ये किती हवा भरायची हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर तो हँडलच्या मुठीला टेकत असेल तर तार आवळायला हवी किंवा ब्रेकचे रबर झिजले आहे. चेन कोरडी आणि गंजलेली नसावी, चाके हलवून पाहिल्यास डुगडुगू नयेत आणि टायरवर भेगा पडल्या असल्यास ते बदलून घ्यावेत. बसायच्या सीटची उंची पाहताना टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली न्यावे आणि पाय जवळजवळ सरळ होतो का ते बघावे. अगदी नवख्या माणसाने मात्र सुरुवातीचे काही दिवस दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवायला हरकत नाही.

दिव्यांबाबत तडजोड करू नका. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हे किमान आवश्यक समजा आणि तुमच्याकडचे नियम याहून अधिक काही सांगत असतील तर ते पाळा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: भडक पोपटी किंवा नारिंगी जाकीट घातले की रात्री आपण दिसतो, असे अनेकांना वाटते. तो भडक रंग दिवसाच्या प्रकाशात उठून दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग जवळजवळ राहत नाही. रात्री उपयोगी पडते ती गाडीच्या दिव्याचा झोत परत फेकणारी रुपेरी पट्टी. ती पट्टी घोट्याला बांधली किंवा पॅडलवर लावली तर पाय फिरताना ती वरखाली होते आणि सायकलस्वार म्हणून माणूस चालकाच्या लवकर ध्यानात येतो.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे राहील असे सपाट बसावे, पट्ट्या कानाखाली एकत्र याव्यात आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जाण्याइतकीच जागा असावी. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. एकदा जोरदार आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. हेल्मेट डोक्याची इजा कमी करते आणि ते घालावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते अपघात होऊ देत नाही असे नव्हे, म्हणून सुरक्षेची सगळी चर्चा हेल्मेटपाशी सुरू करून तिथेच संपवणाऱ्या बैठकांमधून रस्त्यावरची परिस्थिती जराही बदलत नाही.

४. रस्त्यावरची कौशल्ये मोकळ्या मैदानात शिकवा

लहानपणी सायकल शिकलेल्या माणसाला तोल सांभाळता येतो, पण रहदारीत चालवण्यासाठी आणखी चार-पाच गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. त्या रहदारीत शिकवू नयेत. रिकामे मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी मोकळा असणारा वाहनतळ यासाठी उत्तम.

पहिले कौशल्य मागे वळून पाहण्याचे. जमिनीवर खडूने सरळ रेषा आखा आणि तिच्यावरून जाताना मागे उभ्या असलेल्या माणसाने किती बोटे दाखवली ते सांगायला लावा. सुरुवातीला बहुतेकांची सायकल मान वळेल त्याच बाजूला झुकते, आणि रस्त्यावर नेमक्या याच झुकण्यामुळे धडक बसते. वीसेक खेपांनंतर सायकल सरळ राहू लागते. त्यानंतर एक हात सोडून वळण्याची खूण करणे शिकवा आणि मग दोन्ही एकत्र करा: मागे पाहणे, खूण करणे, पुन्हा पाहणे आणि मगच बाजू बदलणे.

दुसरे कौशल्य ब्रेक लावण्याचे. ब्रेक लावताच शरीराचे वजन पुढच्या चाकाकडे सरकते, त्यामुळे थांबवण्याची अधिक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण तो एकदम आणि एकटाच दाबला तर मागचे चाक उचलले जाते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत नेत लावावेत आणि अंग किंचित मागे घ्यावे. चाकाच्या कडेला घासणारे ब्रेक असतील तर पावसात ते उशिरा पकडतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावर बरेच आधीपासून ब्रेक लावायची सवय करावी.

यानंतर रस्त्यावर कुठून चालवायचे ते समजावून सांगा. नवखा माणूस घाबरून अगदी कडेला जातो आणि कडेला उभ्या असलेल्या मोटारींना चिकटून चालवतो. मोटारीचे दार अचानक उघडले तर ते साधारण मीटरभर बाहेर येते, म्हणून उभ्या गाड्यांपासून किमान तेवढे अंतर ठेवावे आणि दोन गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर न करता सरळ रेषेत राहावे. परिसरातील मोटारचालकांनाही एक सवय लावता येते: दार उघडताना दारापासून लांबच्या हाताने कडी ओढायची. असे केले की शरीर आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाणारी ही सवय शिकवायला एक मिनिट पुरते.

मोठ्या वाहनांविषयी मात्र एक मिनिट पुरत नाही. ट्रक किंवा बसच्या चालकाला केबिनच्या लगेच पुढचा आणि बाजूचा बराच भाग दिसत नाही. शिवाय लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, तर वळणाच्या आतल्या बाजूने कोपरा कापत जातात. चौकात थांबलेल्या ट्रकच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत सायकल घालून पुढे जाणारा माणूस या दोन्ही धोक्यांच्या मधोमध उभा राहतो. तिथे जागा भरपूर आहे असे वाटते, पण ट्रक वळू लागताच ती जागा नाहीशी होते. आमचा नियम असा आहे की चौकाजवळ मोठ्या वाहनाच्या आतल्या बाजूला कधीही जायचे नाही, मागे थांबायचे आणि त्याला आधी जाऊ द्यायचे. शक्य असल्यास एखाद्या ओळखीच्या चालकाला विनंती करून उभा ट्रक मैदानात आणा आणि प्रत्येकाला केबिनमध्ये बसवून आपले सोबती कुठे कुठे दिसत नाहीत ते पाहू द्या. मी स्वतः हे पाहिल्यानंतर माझी चौकात थांबण्याची जागा कायमची बदलली.

मोठ्या चौकात समोरून येणारी वाहतूक ओलांडून वळण्याची भीती वाटत असेल तर दोन टप्प्यांत वळायला शिकवा. आधी सरळ जाऊन पलीकडच्या कोपऱ्याशी थांबायचे, सायकलचे तोंड वळवायचे आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की निघायचे. एवढ्या एका युक्तीने कित्येकांची वाट खुली होते. रहदारीच्या उलट दिशेने न चालवणे, कानात इअरफोन न घालणे आणि सिग्नल पाळणे हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये, पण पडते. तेव्हा ते न चिडता सांगावे.

५. सोबतीने निघा

ठरावीक वेळी, ठरावीक वाटेने, ठरावीक थांब्यांवर माणसे घेत जाणारा सायकलस्वारांचा गट ही नवख्यांची भीती घालवण्याची मला माहीत असलेली सर्वांत परिणामकारक पद्धत आहे. स्पेनमध्ये बार्सिलोनातील शाळकरी मुले अशाच सायकलींच्या ‘बस’मधून शाळेत जाऊ लागली, तेव्हा या पद्धतीची चर्चा जगभर झाली. मोठ्यांसाठीही ती तितकीच चालते.

पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी, वाट ओळखीची व्हावी म्हणून काढा. त्यानंतर आठवड्यातला एकच दिवस ठरवा आणि तो काहीही झाले तरी पाळा, कारण दोनदा वाट पाहून परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला आणि सर्वांत मागे दुरुस्ती येणारा, पंप आणि पाने जवळ बाळगणारा असे दोन अनुभवी सायकलस्वार हवेतच. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याचा. आठ-दहांहून अधिक माणसे झाली की एका सिग्नलमध्ये सगळे निघत नाहीत आणि मागे राहिलेले घाईने लाल दिवा तोडतात, म्हणून संख्या वाढली की दोन गट करा. मुले असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि गटातले फोन क्रमांक गटाबाहेर जाऊ देऊ नका.

माणसे वाढली की प्रत्येकाचा धोका कमी होतो, याला अभ्यासाचा आधार आहे. पी. एल. जेकबसन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे आढळले की चालणाऱ्यांची किंवा सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तरी वाहनांशी होणाऱ्या त्यांच्या धडका दुप्पट होत नाहीत, सुमारे एक-तृतीयांशाने वाढतात, म्हणजे दरडोई धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. मात्र यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे संख्येवरून ठरत नाही. जिथे रस्ते सुरक्षित असतात तिथे सायकलस्वार वाढतात, हेही तितकेच खरे असू शकते. त्यामुळे ‘आधी माणसे रस्त्यावर आणा, सुरक्षा आपोआप येईल’ असा अर्थ काढून कुणालाही धोक्याच्या चौकात ढकलू नये.

६. पोहोचल्यावर सायकल ठेवण्याची सोय पाहा

हा भाग लहान वाटतो, पण अनेकांचा निर्णय इथेच फिरतो. फक्त पुढचे चाक पकडणारे स्टँड सायकल नीट धरत नाही आणि धक्का लागला की चाक वाकते. उलट्या यू आकाराची, जमिनीत पक्की रोवलेली नळी सांगाड्याला दोन ठिकाणी आधार देते आणि तिला सांगाडा व चाक दोन्ही कुलपाने बांधता येतात. कार्यालयाकडे किंवा शाळेकडे अशा स्टँडची, तीही प्रवेशद्वाराजवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत राहील अशी, मागणी करा. सायकलच्या सांगाड्याच्या तळाशी कोरलेला क्रमांक, खरेदीची पावती आणि सायकलचे छायाचित्र प्रत्येकाने जपून ठेवावे. चोरी झाली तर तक्रारीत या तिन्हींचा उपयोग होतो.

७. प्रशासनाकडे एका वेळी एकच नेमकी मागणी करा

आमचे पहिले निवेदन चार पानांचे होते आणि त्यात सतरा मागण्या होत्या. त्याला उत्तर आले नाही आणि आज विचार करता ते निवेदन नेमके कुणी, कोणत्या टेबलावर हाताळायचे हेच त्यातून स्पष्ट होत नव्हते. पुढच्या वेळी आम्ही एकाच गटाराच्या जाळीविषयी एका पानाचे पत्र दिले. जाळी फिरवून बसवली गेली आणि त्या छोट्या कामामुळे पुढच्या पत्रासाठी बोलायला ओळखीचे माणूस मिळाले.

निवेदनासोबत पुढील कागद जोडावेत:

- जागा दाखवणारा नकाशा आणि तिथली दिनांक-वेळ लिहिलेली छायाचित्रे;
- रस्त्याची मोजलेली रुंदी आणि किमान दोन दिवस, एकाच वेळी केलेली वाहनांची, पादचाऱ्यांची व सायकलींची मोजणी;
- त्या जागी झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी;
- एका वाक्यात लिहिलेली मागणी;
- तिथे राहणाऱ्या आणि त्या वाटेने जाणाऱ्या लोकांच्या सह्या.

पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका आणि पाठपुराव्याच्या भेटींच्या तारखा वहीत लिहा. पोच नसलेले पत्र दिलेच नव्हते असे समजले जाते.

मागावे काय, हेही नीट ठरवा. कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत गाड्या उभ्या करण्यास मनाई, वळणाची गोलाई कमी करून गाड्यांना हळू वळायला भाग पाडणारा कोपरा, पदपथाच्या उंचीइतका उचललेला ओलांडमार्ग, बंद दिव्यांची दुरुस्ती या गोष्टी तुलनेने लवकर होतात. वाहतूक वेगवान आणि भरपूर असलेल्या रस्त्यावर मात्र नुसता पांढरा पट्टा रंगवून चालत नाही. त्या पट्ट्यावर थोड्याच दिवसांत गाड्या उभ्या राहतात आणि सायकलस्वाराला भर वाहतुकीत यावे लागते. तिथे कठड्याने किंवा खांबांनी वेगळा केलेला मार्गच मागावा. खर्चाची अडचण पुढे आली तर हलवता येणारे अडथळे ठेवून काही आठवड्यांचा प्रयोग करण्याची विनंती करा.

अशा कामाला उशीर लागला तर धीर धरायला दोन उदाहरणे उपयोगी पडतात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक आणि रहिवासी रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या अर्थाच्या घोषणेने आंदोलन उभे राहिले आणि पुढच्या काही दशकांत आज दिसणारे सायकलमार्ग तयार झाले. आज तिथे सायकल जणू पूर्वापार आहे असे वाटते, पण ते रस्ते मागून मिळवलेले आहेत. स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६नंतर चार-पाच वर्षांतच एकमेकांना जोडलेले, वाहनांपासून वेगळे केलेले शंभर किलोमीटरहून अधिक सायकलमार्ग बांधले आणि सायकलने होणारा प्रवास कित्येक पटींनी वाढला. तिथला धडा जोडणीचा आहे: तुकड्या-तुकड्यांनी बांधलेला मार्ग जिथे तुटतो तिथेच माणूस पुन्हा घाबरतो.

८. विरोध करणाऱ्यांना आधी भेटा

दुकानदारांना गाड्या उभ्या करण्याची जागा जाण्याची, रहिवाशांना वळसा पडण्याची आणि पादचाऱ्यांना सायकली पदपथावर येण्याची काळजी असते. तिन्ही काळज्या खऱ्या आहेत. विशेषतः वृद्ध, दृष्टिहीन किंवा चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्या व्यक्तींना पदपथावरच्या सायकलीचा खराच धोका असतो, म्हणून आपल्या गटाने पदपथावरून सायकल चालवायची नाही, गरज पडली तर उतरून ढकलत न्यायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. निवेदन देण्यापूर्वीच या लोकांना भेटलात तर त्यांच्या सूचनांनी आराखडा सुधारतो. नंतर भेटलात तर त्यांना निर्णय लादल्यासारखा वाटतो आणि ते वाटणे चूक नसते.

९. अपघात झाला तर काय करायचे, हे आधी ठरवा

गटातल्या किमान दोघांनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावे. अपघातस्थळी आधी मागून येणारी वाहतूक थांबवावी, आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि जखमी व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा मान दुखत असल्याचे सांगत असेल तर तिला विनाकारण हलवू नये. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही तज्ज्ञ येईपर्यंत काढू नये. डोक्याला मार लागलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला एकट्याने घरी पाठवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. वाहनाचा क्रमांक, साक्षीदारांची नावे आणि जागेची छायाचित्रे तेव्हाच घ्यावीत. त्यानंतर ती वाट गटासाठी थांबवावी, जागेची पुन्हा पाहणी करावी आणि कारण कळल्याशिवाय फेरी सुरू करू नये. थोडक्यात टळलेले प्रसंगही वहीत उतरवत जा, कारण एकाच कोपऱ्यावर असे तीन प्रसंग झाले असतील तर पुढची दुर्घटना कुठे होऊ शकते हे ती वही आधीच सांगत असते.

१०. मोजा आणि मग दुसरी वाट जोडा

दर तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी उभे राहून सायकली मोजा आणि हवामान कसे होते तेही लिहा. एकूण संख्येसोबत स्त्रिया, मुले आणि वृद्ध किती, हे वेगळे मोजा. धोक्याच्या रस्त्यावर या तिघांची संख्या सर्वांत आधी घटते, म्हणून ती वाढू लागली की वाट खरोखर सुधारली असे मी मानते. संख्या वाढली नाही तर लोकांना दोष देण्याआधी भीतीच्या ठिपक्यांचा पहिला नकाशा काढा आणि त्यातला कोणता ठिपका अजून तसाच आहे ते पाहा. दुसरी वाट निवडाल तेव्हा ती पहिलीला कुठेतरी येऊन मिळेल अशीच निवडा, म्हणजे पहिल्या वाटेवर सवय झालेली माणसे फारसा विचार न करता तिच्यावर वळतील.